चौरंगाचा चौथा पाय

"काय करता जी तुमी?" असं कुणी विचारलं की मी सांगतो, "जुनं लाकडी सामान साफ करतो." समोरचा माणूस मान हलवतो आणि म्हणतो, "ते ठीक हाय, पण धंदा कोणता?" माझ्या सासऱ्यांनी तर शेवटपर्यंत पाहुण्यारावळ्यांना जावई फॉरेस्टात आहे असंच सांगितलं. सागवानाशी माझा संबंध होताच, बाकीचं त्यांनी आपल्या मनानं जुळवून घेतलं.

घरात माझी पत याहून कमी. आमच्या खाटेचा एक पाय तुटका आहे आणि त्याखाली वीट आहे. ती वीट कधीपासून आहे हे मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारू नका, तिचा पारा चढतो. "गावाच्या लाकडाले तेलपाणी करते माहा नवरा, अन् घरची खाट विटेवर," हे ती घरी आलेल्या प्रत्येक बाईला चहाच्या आधी सांगते. कधी कधी या नादात चहा राहून जातो, पण वीट काही राहत नाही.

आदिलाबादला भाजीबाजाराच्या मागं माझं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाचं शेड, आत एक शहाबादी फरशी, चार डबे आणि मी. घर बेला गावाजवळच्या एका खेड्यात. रोज मोटारसायकलनं जातो-येतो. आता वय झालं, गुडघे बोलतात, तरी जातो, कारण घरी बसलो तर खाट दुरुस्त करावी लागेल.

धंदा काय तो एकदा सांगून टाकतो. आमच्या भागात सागवानाची कमी कधीच नव्हती, त्यामुळं खाऊनपिऊन सुखी घरात एक तरी जुनी वस्तू निघतेच. निजामाच्या वेळच्या कचेरीतून लिलावात घेतलेली खुर्ची, कुणाच्या लग्नात आलेला पलंग, किराणा दुकानातली गल्ल्याची पेटी. या वस्तू काळ्याकुट्ट झालेल्या असतात. लोकांना वाटतं, जुनं लाकूड काळंच असतं. ते काळं लाकूड नसतं हो. दिव्याची काजळी, डोक्याचं तेल, हाताचा घाम, उदबत्तीचा धूर आणि दर दिवाळीला कुणीतरी हौसेनं मारलेला वॉर्निशचा हात, हे सगळं एकावर एक बसून तो थर झालेला असतो. तो काढायचा आणि लाकडाला धक्का लावायचा नाही, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं आहे. मलाही ऐकताना सोपंच वाटलं होतं.

आधी कोरड्या ब्रशनं धूळ काढायची, कोरीवकामातली बांबूच्या काडीनं. मग साबणाच्या पाण्यातून घट्ट पिळलेलं फडकं फिरवायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. बादलीभर पाणी घेऊन कुणी सागवानाकडं येताना दिसलं की मी हातातलं काम टाकून आडवा धावतो. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून खालच्या बाजूला, जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथं, घासून पाहायचं. कापसाची आमच्याकडं काय कमी! तिथं नीट उतरलं तरच वर हात लावायचा. सगळं निघालं की जवसाचं तेल, पण पक्कं उकळलेलं, आणि त्यावर मेण. कच्चं तेल लावलं तर ते लवकर वाळत नाही, चिकट राहतं. एका मास्तरांच्या बाकाला मी कच्चं लावलं होतं. मास्तर उठले, पायजमा मात्र उठायला तयार नव्हता.

सुरुवातीला तर मला तेलही माहीत नव्हतं. शेतकऱ्याच्या घरातला मी. सुतारकाम शिकायला गेलो, तिथं रंधा सरळ चालेना म्हणून मिस्त्रीनं मला पुसायला बसवलं, आणि तेवढं एक मला जमलं. माझी पहिली स्वतंत्र वस्तू म्हणजे एका निवृत्त गिरदावर साहेबांची आरामखुर्ची. गिरदावर म्हणजे महसूल खात्यातला माणूस, दहा गावांचा पीकपाणी पाहणारा. खुर्चीचे हात कोरडे पडून तडकले होते. मी विचार केला, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी लावून शेकतो, वर्षभर जू ओढून खांदा धरलेला असतो म्हणून. खुर्चीच्या हातानं तर साहेबांना किती वर्षं ओढलं! मग काय, घरून लोणी आणलं, हळद कालवली, गरम केलं आणि दोन्ही हातांना आणि पाठीला चोळून चोळून जिरवलं. खुर्ची अशी चमकली की मीच तिच्या प्रेमात पडलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी निरोप पाठवून बोलावलं. ते ओसरीत उभे होते, पांढरा सदरा पाठीला पिवळाधम्मक, दोन्ही बाह्या पिवळ्या. खुर्चीवर मुंग्यांची रांग लागलेली, हातावरून वर, पाठीवरून खाली.

"दिगांबर, हा काय तमाशा हाय?" ते म्हणाले. "या वयात मले हळद लावली तुनं? आता नवरीबी तूच पाहून दे!"

त्यांच्या मागं त्यांची बायको उभी होती. ती हसली नाही, म्हणून मीही हसलो नाही. ती खुर्ची मला तीनदा धुवून काढावी लागली आणि गावात माझं नाव हळद्या पडलं.

खरं सांगायचं तर नाव आधीच पडलेलं होतं, या प्रकारानं पक्कं झालं. आधीचा प्रकार माझ्या लग्नातला. आणि मला जे सांगायचं आहे ते तिथूनच सुरू होतं.

आमच्या गावात एक चौरंग आहे. सागवानाचा, चार कोरीव पायांचा, पुढच्या पट्टीवर पितळेचं फूल ठोकलेला. तो शेवंताकाकूंच्या घरी माळ्यावर पोत्यात गुंडाळून असतो. काकूंचं किराणा दुकान, नवरा गेल्यापासून त्याच चालवतात. चौरंग त्यांच्या घरचा, पण बसतं त्यावर सगळं गाव. पोरीची हळद असो, पोराची असो, नव्या सुनेचं डोहाळजेवण असो, आदल्या दिवशी कुणीतरी काकूंकडं जातं, चौरंग घेऊन येतं आणि काम झालं की त्यावर नारळ आणि ओंजळभर गहू ठेवून परत देतं. भाडं नाही, काही नाही. पितळेचं फूल पुढं करायचं, तोंड उगवतीला करून बसायचं, हा रिवाज. आणि चौरंगाचा एक पाय आखूड. बसलं की तो टक करून एका अंगाला कलतो. हेही रिवाजातच धरलं होतं जणू.

माझ्या हळदीला मी त्यावर बसलो. अंगाला हळद फासलेली, डोक्यावर टॉवेल, बाया गाणी म्हणताहेत, आमच्याच गावची मंदा बायांआडून चोरून बघतेय, मी आपला नवरदेवाच्या तोऱ्यात. आणि चौरंग कलला. धरायला म्हणून मी हात टाकला तर तिथं काहीच नव्हतं. सरळ शेजारच्या घंगाळात, हळदीच्या पाण्यात, पालथा. मंडप हसून हसून लोळला. एखाद्याच्या मयताला जमलो तरी तिथं कुणीतरी हळूच म्हणतं, "हा पाह्य, हळद्या. घंगाळात पडला होता थो." त्या चौरंगावर माझा दात होता, तो असा.

आता मधला एक गृहस्थ सांगायला हवा, नाहीतर पुढचं समजायचं नाही. हैदराबादचे एक सेठ आहेत. ते गावोगाव फिरून जुनं सागवान विकत घेतात आणि शहरात मोठ्या लोकांना देतात. त्यांचं थोडं काम मी करतो. मोठं मजेशीर काम. जुनी वस्तू आणून म्हणतात, "भैया, इसको नया जैसा करो." आणि नवी आणून म्हणतात, "इसको पुराना करो." नव्या मेजाला मी चहाचं पाणी पाजलं आहे, साखळीनं मारलं आहे, कोपरे घासून गोल केले आहेत. हे करताना लाज वाटते. म्हणून मी शेडचं दार लोटून घेतो आणि मग मारतो. सेठ एका घरातून जुना पलंग नेतात आणि बदल्यात चकचकीत सोफा देतात. घरचे खूष होतात. सोफ्याचा स्पंज बसतो तेव्हा पलंग कुठल्या कुठं गेलेला असतो. हे माहीत असून मी त्या लोकांना कधी अडवलं नाही, याचं मला वाईट वाटतं. पण गावात सगळ्यांना ठाऊक आहे की सेठची गाडी माझ्या दुकानापुढं उभी राहते.

गेल्या उन्हाळ्यात नामदेवभाऊ मोटारसायकलवर चौरंग बांधून दुकानात आले. नामदेवभाऊ म्हणजे आमच्या गावचे भाजीवाले, वांगी-टमाटर लावणारे, फार बोलायची सवय नसलेले. बायको वारली तेव्हा मुलगी पल्लवी शाळेत होती. तिला वाढवलं, शिकवलं, ती आता निजामाबादला दवाखान्यात नर्स आहे. तिचं लग्न.

"परवा हळद हाय पोरीची," ते म्हणाले. "फोटोवाला म्हणते चौरंग लय काळा दिसते. तो कमळाची खुर्ची आणून राह्यला, लायटींगची. पण पोरगी आयकत नाई. म्हणते, माय ज्याच्यावर बसली होती मी त्याच्यावरच बसीन. तं फक्त पुसून द्या भाऊ."

फक्त पुसून द्या. हे शब्द मी नीट ऐकले होते, विसरलो असं म्हणायची सोय नाही.

पुसायला घेतला आणि मला हुरूप आला. काय लाकूड होतं! काजळी उतरली, तेलाचा थर उतरला आणि खालून मधासारखा रंग वर यायला लागला. पायांवरच्या कोरीव वेलीत इतकी जुनी हळद साचलेली की काडीनं निघता निघेना. स्पिरिट लावून तीही काढली. तेल दिलं, मेण दिलं, पितळेचं फूल चिंचेनं घासलं. मग फरशीवर ठेवून पाहिला तर टक. तोच आवाज. मागचा डावा पाय, बसणाऱ्याच्या डाव्या हाताचा.

मी त्या पायाकडं बघत बसलो. घंगाळ आठवलं, मंडपातलं हसणं आठवलं. म्हटलं, बेट्या, आज सापडलास. जुन्या सागवानाचा एक पातळ तुकडा घेतला, पायाच्या तळव्याच्या मापानं कापला, गोंद लावून बसवला, घासून कडा अशा मिळवल्या की जोड दिसू नये. चौरंगावर पाण्यानं भरलेला पेला ठेवला. पाणी हललं नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि त्याचं कारण तुम्हाला आता माहीत आहे.

त्या दिवशी मंदा बाजाराला आली होती. तिनं चौरंग पाहिला. बोटानं दाबून पाहिला.

"हलत नाई?"

"नाई," मी छाती काढून म्हणालो.

"हलत होता तेच बरं होतं," ती म्हणाली. मग नेहमीचं, "घरची खाट..." मी ऐकलं नाही. कौतुक ऐकायला कान टवकारले असले की दुसरं काही ऐकू येत नाही.

त्याच दुपारी सेठची गाडी आली. चौरंग बघून सेठ खाली बसले, दोन्ही हातांनी कुरवाळायला लागले. "भैया, ये कितने में?" मी म्हटलं, "ये गाव का है सेठ, बिकाऊ नहीं." ते खरंच तेवढ्यावर गेले. पण आमच्या गावचा एक जण भाजी टाकून परत जाताना रस्त्यावरून हे बघत होता. बोलणं त्याला ऐकू गेलं नाही, सेठ चौरंग कुरवाळताना मात्र दिसले.

हळदीच्या दिवशी सकाळीच मी चौरंग कापडात गुंडाळून मंडपात नेला. मंदा बरोबर होती. मंडपात पिवळे पडदे, पिवळे फुगे, आणि कोपऱ्यात ती कमळाची खुर्ची, पाकळ्यांत लाल-निळे दिवे लुकलुकताहेत. बाजूला चुलीवर नवरीच्या अंघोळीचं पाणी तापत होतं. मी मधोमध चौरंग ठेवला आणि जादूगारासारखं कापड ओढलं.

कुणी वा म्हणालं नाही.

"हे काय हाय?" कौसल्याआत्यांनी विचारलं. कौसल्याआत्या म्हणजे नामदेवभाऊंची मोठी बहीण, पांढरकवड्याला दिलेली, आवाज असा की माईक लागत नाही. त्यांचीही हळद याच चौरंगावर लागलेली.

"चौरंग," मी म्हणालो.

"आपला चौरंग काळा होता."

"साफ केला आत्या. मळ होता तो."

आत्या जवळ आल्या. हातानं चौरंग दाबला. या कोपऱ्यावर दाबला, त्या कोपऱ्यावर दाबला. चौरंग जागचा हलला नाही. ज्याचा मला इतका गर्व होता, तो असा माझ्यावर उलटला.

"हालतबी नाई!" आत्या ओरडल्या. "अरे हळद्या, जुना कोणाले इकला तुनं? त्या हैदराबादवाल्याले?"

आणि त्या दिवशी रस्त्यावरून बघणारा तो गडी मागून म्हणाला, "म्या पाह्यलं होतं बाप्पा. सेठ बसून हात फिरवून राह्यला होता."

"फूल तरी पाहा," मी म्हणालो. "पितळेचं फूल तेच हाय ना?"

"फूल उपटून दुसऱ्याले ठोकाले काय लागते?" आत्या म्हणाल्या. आता नव्याचं जुनं आणि जुन्याचं नवं करणारा मीच.

मी शेवंताकाकूंकडं पाहिलं. वस्तू त्यांच्या घरची. त्या मंडपाच्या बाहेरच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. नवरा गेल्यापासून काकू हळदीच्या मंडपात पाऊल टाकत नाहीत. कुणी मनाई केली नव्हती, कुणी बोलावतही नव्हतं. त्यांनी तिथूनच डोळे बारीक करून बघितलं.

"मले तं नवाच दिसते बापू," त्या म्हणाल्या. "पण तू काऊन करशीन असं?"

हे एक वाक्य मला कोणत्याही शिवीपेक्षा जास्त लागलं. मी शपथा घ्यायला लागलो. पोराबाळांच्या घेतल्या, दुकानाच्या घेतल्या. नामदेवभाऊ खाली मान घालून उभे होते. फोटोवाल्यानं तर कमळाची खुर्ची मधोमध सरकवायला घेतली.

तेवढ्यात पल्लवी घरातून बाहेर आली. पिवळी साडी, हातात हिरवा चुडा. तिनं चौरंगाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काका," ती म्हणाली, "मी पोटात होती तवा मायचं डोहाळजेवण याच्यावर झालं. माय सांगे, चौरंग कलला अन् ती पडता पडता राह्यली, शेवंताआजीचा खांदा धरला म्हणून वाचली. तिनं सांगितलेलं तेवढंच मले याद हाय चौरंगाचं. हा तं हालत नाई."

ती रागावली असती तर मी परत भांडलो असतो. पण ती रागावली नव्हती. आईची एवढी एकच गोष्ट तिच्यापाशी होती, आणि ती मी गोंद लावून, घासून, पॉलिश करून टाकली होती. मला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला तिथं एकच वस्तू होती.

"पल्लू, तोच हाय हा," मी म्हणालो. "पाय मी बसवला. खालून तुकडा लावला."

"कोणं सांगितलं होतं?" आत्या गरजल्या.

कुणीच सांगितलं नव्हतं. घंगाळाचा सूड घेत होतो हे त्या मंडपात कोणत्या तोंडानं सांगू?

"काढून दाखवतो," म्हणालो. मोटारसायकलच्या डिकीतून पटाशी आणली, चौरंग पालथा केला आणि जोडावर धार ठेवून ठोकली. काही होईना. आयुष्यात माझा एकही जोड इतका पक्का बसला नव्हता, तो नेमका हा. जोरानं ठोकावं तर खालचा जुना पाय चिरला असता. पायाला जरा कमीजास्त झालं की तो दुसरीकडंच कलणार आणि मग माझ्यावर कुणीच विश्वास ठेवणार नव्हतं. मी घाबरलो होतो, त्यात लपवायचं काय?

"गरम पाणी," मंदा म्हणाली. "गोंद हाय तं सुटंन ना."

नवरीच्या अंघोळीच्या पाण्यातून तिनंच तांब्या भरून आणला. फडकं भिजवून पिळून मी त्या पायाभोवती गुंडाळलं. थंड झालं की पुन्हा. सागवानापासून पाणी लांब ठेवा म्हणून जन्मभर लोकांवर ओरडलेला माणूस, भर मंडपात सागवानाला गरम पाण्याचा शेक देत बसला होता, बैलाचा खांदा शेकावा तसा. बाया भोवती गोळा झाल्या होत्या. बाजूला कमळाचे दिवे लुकलुकत होते.

शेवटी पटाशीचं टोक आत गेलं आणि तुकडा अख्खा सुटून हातात आला. खालचा तळवा जसाच्या तसा, काळा, झिजलेला, आणि रेषारेषांत हळद.

"हे पाहा!" मी ओरडलो. "जुनाच पाय हाय. हे पाहा, हळद!"

"आमाले काय समजते त्यातलं?" आत्या म्हणाल्या.

"मी बसते," पल्लवी म्हणाली.

तिनं स्वतः चौरंग सुलटा केला, पितळेचं फूल पुढं घेतलं, तोंड उगवतीला केलं. साडी सावरली आणि हळूहळू टेकायला लागली.

ती अजून पुरती बसलीही नव्हती, चौरंग हललाही नव्हता, आणि सगळ्या बायांचे हात एकदम पुढं झाले. सगळे तिच्या डाव्या अंगाला. शेजारणीचा हात, मागच्या म्हातारीचा हात, उजवीकडं बसलेल्या बाईचा पल्लवीच्या पाठीमागून आलेला हात. कौसल्याआत्यांचा सगळ्यात पुढं, तोंडानं त्या अजून मला शिव्या देत असताना. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. जी जी त्यावर कधी बसली होती, तिच्या अंगाला ते ठाऊक होतं.

आणि मंडपाच्या बाहेर, खांबापाशी, इतक्या लांबून कुणालाही पोचणार नाही असा शेवंताकाकूंचा हात पुढं झालेला होता.

मग चौरंग कलला. टक.

"हाच हाय व माय!" आत्यांच्या तोंडून निघालं, आणि मंडप एकदम हसला, तोच तो माझ्या लग्नातला हशा. पल्लवीही हसत होती, रडतही होती. तिनं त्या सगळ्या हातांवरून बाहेर पाहिलं.

"आजी, या ना," ती म्हणाली. "मायनं तुमचाच खांदा धरला होता. मी कोणाचा धरू?"

काकू जागच्या हलेनात. पदर तोंडाला लावून नको नको करत होत्या. कौसल्याआत्या उठल्या, तरातरा बाहेर गेल्या, काकूंच्या मनगटाला धरून त्यांना आत घेऊन आल्या आणि पल्लवीच्या डाव्या अंगाला बसवलं. "आता आली ना? तं लाव हळद पयली," म्हणाल्या, आणि भोवताली अशी नजर फिरवली की कुणाची बोलायची छाती झाली नाही. काकूंनी हळदीत बोट बुडवलं. ते पल्लवीच्या गालाला लावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चुलीच्या धुरानं आलं असं मी म्हणणार नाही.

मंदा माझ्याकडं बघत होती. माझ्या हाताकडं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पल्लवीला सावरायला सगळ्यांबरोबर माझाही हात पुढं झाला होता, आणि तो अजून तसाच होता, एकटा, तिच्या उजव्या बाजूला.

"तिकडून नाई जी, इकडून," मंदा म्हणाली. "तुमच्या हळदीतबी तुमी तिकडंच धराले गेलते."